रंभाताईंच्या पथकाचं खरं वजन

रसिका नेमकं काम काय करते, हे ठाण्याच्या टेंभी नाक्यावर कुणालाच धड सांगता येत नसे. तिची आई ‘विमानाचं बघते’ एवढं सांगून मोकळी व्हायची. जुन्या चाळीतल्या शेजारणी तिला हवाईसुंदरी समजायच्या आणि हिला कशी घेतली बाई, असा चेहरा करायच्या. रंभाताईंचं उत्तर सगळ्यांत आखूड होतं. कुणी विचारलंच तर त्या पोळी लाटता लाटता मान वर न करता म्हणत, “खुर्चीत बसते.”

रंभाताईंचं नाक्यावर पोळीभाजी केंद्र होतं, पण त्यांची खरी ओळख ती नव्हे. त्या महिला गोविंदा पथकाच्या प्रशिक्षक होत्या. आवाज असा, की त्यांनी ‘सावकाश’ म्हटलं तरी रिक्षावाले ब्रेक लावायचे. रसिका नऊ वर्षांची असताना त्यांनीच तिला पहिल्यांदा थरावर चढवलं. पथकात सगळ्यांत वर चढणाऱ्या पोरीला एक्का म्हणतात, तिच्या खालची दुर्री, त्याखालची तिर्री, आणि सगळ्यांचा भार घेणारा तळाचा थर म्हणजे बेस. रसिका चार वर्षं एक्का होती. मग अंगाने भरली तशी एकेक थर खाली येत गेली, आणि पुढे विमान कंपनीच्या प्रशिक्षणाला लागली. घर डोंबिवलीला गेलं, सराव चुकायला लागला आणि एका वर्षी हंडी तोंडावर आलेली असताना तिने ताईंना सांगितलं की परीक्षा आहे, मला जमणार नाही. ताईंनी अख्खे थर नव्याने बसवले. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त ‘बरं’ म्हणाल्या आणि त्यानंतर रसिकाशी जेवढ्यास तेवढं बोलू लागल्या. रसिकाला ते फार लागलं होतं. स्वतःच्या आईने अबोला धरला असता तरी तिला एवढं वाईट वाटलं नसतं, कारण आईचा अबोला संध्याकाळच्या चहापर्यंतसुद्धा टिकत नसे.

माजिवड्याला हायवेच्या कडेला एका काचेच्या इमारतीत तिचं ऑफिस होतं. तिथे ती खुर्चीत बसायची, हे अगदी खरं. पण विमान उडण्याआधी ते कुठल्या वाटेने जाणार, किती उंचीवरून, वारा पुढून की मागून, तेल किती लागणार, पोचायचं तो विमानतळ ऐनवेळी बंद झाला तर जायचं कुठे, आणि या सगळ्यात माणसं नि सामान किती मावणार, हा सगळा हिशेब जमिनीवर कुणीतरी बसून मांडावा लागतो. त्याला ऑपरेशनल फ्लाइट प्लॅन म्हणतात. तो करणारीची सही आणि कॅप्टनची सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही.

रसिका हा हिशेब तिच्या पद्धतीने लक्षात ठेवायची. विमानातलं तेल तिला थरांसारखं दिसायचं. तळाला अर्ध्या तासाचं राखीव तेल, तो बेस, त्याला कुणी हात लावायचा नाही. त्यावर दुसऱ्या विमानतळापर्यंत जायचं तेल. त्यावर वाटेतल्या अडीअडचणीचं. मग प्रत्यक्ष प्रवासाचं. आणि सगळ्यांत वर, नियमात नसलेलं, प्लॅन करणाऱ्याने आपल्या अकलेने ठेवलेलं थोडंसं जास्तीचं तेल. तो एक्का. दिसायला एवढासा, पण लावायला सगळ्यांत जास्त विचार त्यालाच लागतो.

त्या वर्षी रंभाताईंच्या पथकाला लेहचं बोलावणं आलं. तिथल्या कुठल्याशा महोत्सवात चाळीस जणी गेल्या, विरळ हवेत धापा टाकत चार थर लावून सलामी दिली, लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या थेट विमानाने मुंबईला परतायचं होतं. त्याच्या दुसऱ्याच दिवशी टेंभी नाक्यावर हंडी. रसिकाने सहकाऱ्याशी ड्युटी बदलून त्या सकाळी मुद्दाम तेच टेबल मागून घेतलं. पथकात कुणालाही ते ठाऊक नव्हतं. ताईंना कळलं नाही तरी चालेल, पण त्यांना घरी आणायचा कागद माझ्या हातचा असावा, असं तिला मनापासून वाटत होतं.

पहिला प्लॅन छान बसला. मुंबईवर पावसाचे ढग होते, म्हणून तिने एक्का जरा जाड ठेवला. उतरायला रांग लागली तर विमानाला वर घिरट्या घालता आल्या पाहिजेत.

मग लेहच्या दरीत ढग उतरले. तिकडे जाणारं विमान वाटेत खोळंबलं, आणि ते पोचेपर्यंत ढग जाऊन लख्ख ऊन पडलं. कुणालाही वाटेल, ऊन पडलं, बरं झालं. रसिकाने मात्र कपाळावर हात मारला. लेहची हवा मुळातच विरळ, त्यात ती तापली की आणखी विरळ, आणि विरळ हवेत विमानाला पूर्वीइतकं वजन उचलता येत नाही. तिने नव्याने आकडे टाकले. उत्तर आलं, सात माणसं सामानासकट खाली ठेवा.

“दिल्लीला उतरवून तेल भरलं तर?” शेजारी येऊन उभे राहिलेले प्रशांत सर म्हणाले. ते तिचे वरिष्ठ. आवाज न चढवता माणसाला घाम फोडायची त्यांची हातोटी होती.

“बघितलं सर. उशीर झालाय ना, क्रूचे कामाचे तास दिल्लीतच संपतात. दुसरा क्रू नाहीये.”

“मग हे तुझं जास्तीचं तेल आहे. हे काढलंस तर सगळे बसतात. नियमात बसतं. कॅप्टन हो म्हणाले तर मी अडवणार नाही.”

तेवढ्यात लेहहून फोन आला. तिथला कंपनीचा माणूस रत्नदीप कल्याणचा होता, म्हणून रसिकाशी मराठीतच बोलायचा.

“मॅडम, सात जण उतरवायचे ना? मग जे शेवटी आलेत तेच राहणार. आणि शेवटच्या सातही पोरी ठाण्याच्या ग्रुपच्या आहेत. एकदम बारक्या बारक्या. आता काय करू?”

रसिकाला लगेच कळलं हे असं का झालं. रंभाताईंच्या पथकाची शिस्तच तशी होती. देवळात शिरायचं असो, बसमध्ये चढायचं असो की जेवायला बसायचं असो, आधी बेस जाणार, मग वरचे थर ओळीने, आणि सगळ्यांत शेवटी एक्का. विमानतळावरही चाळीस जणी याच क्रमाने रांगेत लागल्या होत्या. म्हणजे रांगेची शेपटी कापली की नेमके वरचे थर गळणार. भक्कम बेस घरी येणार आणि त्याच्यावर उभं राहायला कुणी नाही. शिवाय त्या पोरींना तिथे एकटं कोण ठेवेल? ताई स्वतः मागे राहणार. झाली मग उद्याची हंडी.

तिने पडद्यावरच्या त्या जास्तीच्या तेलाकडे पाहिलं. एक बटण दाबायचं काम होतं, नियमही मोडत नव्हता. पण मुंबईवरचे ढग मघापेक्षा काळे दिसत होते. आणि तिच्या कानात तो आवाज आला, ज्याने रिक्षा थांबायच्या. सरावाला पोरी वर पोचल्या की टाळ्या पिटायला लागायच्या, तेव्हा ताई ओरडायच्या, “टाळ्या कसल्या वाजवताय? चढवली आहे नुसती. आधी उतरवून दाखवा!”

“तेल नाही काढणार सर,” रसिका म्हणाली. “उतरायचं पण आहे ना.”

“मग सात जणी राहतील.”

“थांबा ना जरा.”

ती माणसांच्या रकान्याकडे बघत बसली. प्रत्येक माणूस पंचाहत्तर किलो, हातातल्या पिशवीसकट. असं ठरलेलंच असतं, कारण रोज प्रत्येकाला काट्यावर कोण चढवणार? बारा वर्षांपुढचे सगळे मोठ्यांत मोजायचे. आणि आत्ताची एक्का, अंतरा, चौदा पूर्ण झालेली. काडी पोरगी! जोराचा वारा आला की ताई तिचा हात धरून ठेवायच्या. तीसुद्धा या हिशेबात पंचाहत्तर किलोची बाई होती.

“सर, पहिलवानांचा संघ जातो तेव्हा आपण काय करतो?”

“खरं वजन घेतो. सरासरी वजन त्यांना लागू पडत नाही. नियमच आहे.”

“नियमात पहिलवान असं लिहिलंय, की वेगळा गट असं लिहिलंय?”

प्रशांत सरांनी नियमपुस्तिका उघडून ते पान सावकाश वाचलं. मग पुन्हा वाचलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. “वेगळा गट,” ते म्हणाले. “सगळे आजवर जास्तीसाठीच वापरत आले. कमीसाठी वापरू नये असं कुठे म्हटलेलं नाही. पण वजन खरं पाहिजे हं, रसिका. अंदाज चालणार नाही. कॅप्टनशी मी बोलतो.”

कॅप्टन हो म्हणाले. रसिकाने स्वतःचा स्पीकर सुरू करून रत्नदीपला फोन लावला आणि त्यालाही स्पीकरवर टाकायला सांगितलं.

“ताई, मी रसिका.”

“कोण रसिका?”

“खुर्चीतली.”

“अगं बाई! तू काय करतेयस मधेच? इथे आमच्या पोरींना विमानातून काढायला निघालेत हे लोक!”

“तेच होऊ नये म्हणून फोन केलाय. मला प्रत्येकीचं वजन पाहिजे.”

“एवढंच ना? घे लिहून.” आणि ताईंनी चाळीस जणींची वजनं धडाधड म्हणायला सुरुवात केली. कुठली कुठल्या थरावर हे वजनावरच ठरतं, त्यामुळे त्यांना सगळी पाठ. “मेघना पंचावन्न, रचना बावन्न...”

रसिका लिहिता लिहिता थांबली. मेघना पंचावन्न? मेघना तिच्याच वयाची. गेल्या दिवाळीत ती रिक्षात शेजारी बसली तेव्हा रसिकाचा अर्धा देह बाहेर लोंबत होता. मग तिच्या लक्षात आलं. पथकात खरं वजन कुणी सांगतं का? वजन वाढलं की खालचा थर मिळतो. वरून दिसणारी गर्दी, ते फोटो, ते सगळं सुटतं आणि वाट्याला येतात दुसरीचे पाय. रसिकाने स्वतः बाराव्या वर्षी पाच किलो खाल्ले होते, एक वर्ष जास्त एक्का राहता यावं म्हणून.

“ताई, हे नाही चालणार. सगळ्यांना काट्यावर उभं करा. हातातल्या पिशवीसकट.”

“म्हणजे? माझ्या पोरी खोटं बोलतात?”

“हो.”

रसिकाने डोळे मिटून घेतले. आता उरलंसुरलं बोलणंही बंद, असं तिला वाटलं.

“मी पण बोललेले ताई. तेव्हा एकतीस सांगितलेलं, छत्तीस होते.”

“ते मला माहितीये,” रंभाताई म्हणाल्या. “तुझ्या खाली मेघना असायची. तिचे खांदे मी बघत नव्हते काय?” आणि मग तो आवाज पूर्ण ताकदीने सुटला, “चला गं! एकेक करून काट्यावर! आधी मी!”

पुढची काही मिनिटं लेहच्या विमानतळावर जे चाललं, ते माजिवड्याच्या ऑफिसात सगळ्यांनी कामं सोडून ऐकलं. सामान ठेवायच्या काट्यावर एकेक जण चढत होती, रत्नदीप आकडा मोठ्याने वाचत होता, आणि प्रत्येक आकड्याला बाकीच्या एकोणचाळीस जणी हंडी फुटल्यासारख्या ओरडत होत्या. ताईंचा आकडा ऐकून तर रांगेतल्या परक्या लोकांनीही टाळ्या दिल्या. मेघना काट्यावर चढली आणि ‘काटा बिघडलाय’ असं म्हणू लागली.

“काटा बरोबर आहे मॅडम,” रत्नदीप म्हणाला. “अडुसष्ट.”

“पंचावन्न म्हणे!” ताई कडाडल्या. “आणि तुला मी तिसऱ्या थरावर उभी करते!”

अंतरा चढली तेव्हा काटा जेमतेम हलला. “चौतीस,” रत्नदीप म्हणाला, “पिशवी धरून.”

खोटं बोलून बोलून पोरींनी खाल्लेले सगळे किलो बाहेर आले, तरी चाळीस जणींची सरासरी पंचाहत्तरच्या बरीच खाली राहिली. रसिकाने नवा आकडा भरला. सहा जणी आत आल्या. सातवीला मात्र थोडं कमीच पडत होतं.

“अजून शंभरेक किलो उतरवायला लागतील. सामानात काय आहे तुमच्या?”

“जर्दाळू!” चाळीस आवाज एकदम आले. लेहच्या बाजारातून प्रत्येकीने जर्दाळूंच्या पिशव्या भरून घेतल्या होत्या, घरच्यांना, शेजाऱ्यांना, नाक्यावरच्या मंडळाला.

“ते उद्याच्या विमानाने येऊ देत.”

थोडा वेळ कुजबुज झाली. मग रत्नदीपचा रडवेला आवाज आला, “मॅडम, या पिशव्या उघडून खायला बसल्यात! म्हणतात, पिशवी हलकी करतोय.”

“अगं, पोटात गेले तरी वजन तेवढंच!” रसिका ओरडली, आणि प्रशांत सर, ज्यांना कुणी हसताना फारसं पाहिलं नव्हतं, ते भिंतीला टेकून डोळे पुसू लागले.

जर्दाळू मागे राहिले. माणूस एकही राहिला नाही. रसिकाने प्लॅनमध्ये नवं वजन, नवी उंची, नवे वारे भरले. शेरा लिहायच्या जागी तिने गटाचं प्रत्यक्ष वजन का घेतलं ते लिहिलं, आणि जास्तीचं तेल का कायम ठेवलं तेही लिहिलं. मग सही केली. तिकडे कॅप्टनने केली. ऊन आणखी तापायच्या आत विमान धावपट्टीवर धावलं आणि उचललं.

दुपारी मुंबईवर पावसाने असा काही जोर धरला की समोरचा हायवेसुद्धा दिसेना. पडद्यावर विमानाचा ठिपका मुंबईजवळ आला आणि गोल फिरू लागला. एक फेरी. दुसरी. ऑफिसात आता कुणी हसत नव्हतं. रसिकाच्या हातातला चहा गार झाला. ती मनातल्या मनात एक्का उतरताना बघत होती, हळूहळू, ठिपका फिरेल तसा. पण खालचे थर जागच्या जागी होते, आणि तेवढी तिची खात्री होती. शेवटी ठिपक्याने वळण सोडलं, सरळ रेघ धरली आणि जमिनीला टेकला.

प्रशांत सरांनी तिच्या टेबलावर नवा गरम चहा ठेवला. “तेल काढलं असतं तर आत्ता ते अहमदाबादला जर्दाळू खात बसले असते,” एवढंच म्हणाले आणि गेले. रसिकाला त्या दिवशी तो चहा अमृतासारखा लागला.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून ती टेंभी नाक्यावर आली तेव्हा ढोलताशांनी कानठळ्या बसत होत्या. गर्दीत टाचा उंचावून ती कडेला उभी राहिली. लांबून बघायचं आणि डोंबिवलीला जायचं, एवढाच तिचा विचार होता.

“ए खुर्ची!”

ढोलांच्या वरून तो आवाज आला. गर्दी आपोआप दुभंगली. पलीकडे रंभाताई, कमरेला पदर खोचलेला, हात कमरेवर.

“वजन किती तुझं आता?”

भर नाक्यावर, शेकडो माणसांदेखत. रसिकाने एकदा इकडेतिकडे पाहिलं. “एकाहत्तर!” ती ओरडली.

“खरं?”

“खरं!”

“मग बाहेर कशाला उभी? ये, कड्यात लाग. मेघनाच्या पाठीला हात दे. आजपासून ती बेसला आहे.”

रसिकाने पर्स कुणाच्या तरी हातात कोंबली आणि बेसला मागून आधार देणाऱ्या कड्यात शिरली. मेघना मान वळवून म्हणाली, “तुझ्यामुळे खाली आले गं मी,” आणि दोघी खदखदून हसल्या. मग ताईंची शिट्टी वाजली आणि सगळ्या गप्प झाल्या.

थर चढू लागले. लहानपणी रसिकाने हे सगळं फक्त वरून पाहिलं होतं. इथे खाली काहीच दिसत नव्हतं. पाठी, दंड, चिखलातली पावलं आणि तळहातावर येणारा भार. दुसरा थर उभा राहिला तसा मेघनाच्या पाठीतून तो तिच्या हातांत उतरला. तिला हसू फुटलं, कारण ही सगळी वजनं तिच्या ओळखीची होती. काल तिने ती एकेक करून भरली होती. ही बावन्नवाली, ही साठवाली, ही एकोणपन्नास म्हणून सांगणारी सत्तावन्नवाली. आणि सगळ्यांत शेवटी, जेमतेम जाणवलं न जाणवलं असं, चौतीस.

वर मडकं फुटलं. दह्याचे शिंतोडे पार खालपर्यंत आले, गर्दी बेभान झाली. पण कड्यातल्या एकीनेही टाळी वाजवली नाही. एक्का उतरली, दुर्री उतरली, तिर्री उतरली, थर हळूहळू सुटले आणि अंतराचे पाय जमिनीला लागले. तेव्हा कुठे रंभाताईंनी दोन्ही हात वर केले, आणि मग चाळीस जणी अशा काही नाचल्या की विचारू नका.

गर्दीतून जुन्या चाळीतली एक शेजारीण पुढे आली. दह्याने माखलेल्या रसिकाला तिने ओळखलंच नाही. “ही नवीन आहे का हो पथकात?” तिने ताईंना विचारलं.

“नवीन कसली? आमची रसिका ही.” ताईंनी पदराने रसिकाच्या कपाळावरचं दही पुसलं, लहानपणी पुसायच्या तसंच, जरा जोरातच. “विमानं उतरवते. काल आम्हाला हिनेच उतरवलं.”

“अगं बाई, विमान चालवते?”

“नाही,” रंभाताई म्हणाल्या. “खुर्चीत बसून उतरवते.”